मेलेल्यांची वकीलबाई

ओदिल लाजोआचे अशील तिला कधी फोन करत नसत. करणार कसे? निम्मे मेलेले, आणि उरलेले अजून जन्मालाही आलेले नसत.

अमेरिकेतल्या मेन राज्याचा मुख्य वकील म्हणजे ॲटर्नी जनरल. राजधानी ऑगस्टामधल्या त्याच्या कचेरीत कुणी खुनाचे खटले चालवी, कुणी सरकारी खात्यांना कायदा समजावून सांगे, कुणी फसलेल्या गिऱ्हाइकांची रडगाणी ऐके. ओदिलच्या वाट्याला धर्मादाय ट्रस्ट आले. माणूस मरताना एखादी टेकडी गावातल्या पोरांना बर्फावरून घसरायला म्हणून ठेवून जातो. पुढे गावाला तिथं गाड्यांचा तळ हवासा वाटतो. मेलेला कोर्टात येऊन भांडणार नाही आणि पोरांना विचारतो कोण? अशा वेळी राज्याच्या वकिलानं उभं राहायचं. फार जुनं काम हे. पूर्वी इंग्लंडच्या राजाचा वकील ते करी. इकडे राजा गेला, वकील मात्र राहिला, फक्त त्याचा धनी बदलला. आता धनी म्हणजे जनता. या राज्यात तर आमदारच मतं टाकून त्याला निवडतात, त्यामुळे ओदिलनं कितीतरी साहेब आलेले नि गेलेले पाहिले. "खुर्चीत कुणीही बसो," ती म्हणायची, "माझी माणसं पक्ष बदलत नाहीत."

सुखी बाई होती. नवरा नाही, मूल नाही, पण घरी गुणगुणत जाणारी त्या कचेरीत ती एकटीच.

अशा बाईवर एक दिवस मूग गिळून बसायची पाळी आली.

ती मूळची पार उत्तरेची, बटाट्याच्या मुलखातली, घरात फ्रेंच बोलणाऱ्यांतली. तिथं बटाटे काढायच्या हंगामात शाळा बंद ठेवतात, पोरं शेतावर जातात. तिच्या गावचा आल्सिद द्यूबे नावाचा शेतकरी मरताना चर्चशेजारचं आपलं घर आणि शेत एका ट्रस्टला देऊन गेला होता. हेतू एकच : हंगामात राबणाऱ्या पोरांना दुपारी पोटभर गरम सूप मिळावं. पिवळ्या वाटाण्याचं, खारवलेलं डुकराचं मांस घातलेलं सूप आणि सोबत कुट्टू नावाच्या धान्याच्या पिठाची धिरडी. ओदिलही लहानपणी गारठलेले हात त्याच वाडग्याभोवती धरून बसलेली. आणि त्या घरात राहून ते सूप आजही रांधणारी बाई म्हणजे तिची सख्खी मावशी, रेजिना.

आता विश्वस्तांनी कोर्टात अर्ज टाकला की बटाटे यंत्रं काढतात, सूप बंद करावं, घर विकावं आणि त्यातून कॉलेजच्या पोरांना शिष्यवृत्त्या द्याव्यात. म्हातारीची चूल विझणार होती.

आणि ओदिलला त्यात बोट घालता येईना. ज्यात आपलं माणूस गुंतलंय ते प्रकरण घ्यायचं नाही, त्याबद्दल कचेरीत बोलायचंही नाही, असा नियम. तिनं आपणहून साहेबांना सांगितलं. कागद गेले वेंडल स्प्रागकडे. हा दक्षिणेकडचा, समुद्रकाठचा, जेवल्यावर खुर्चीतच डुलक्या घेणारा. बटाटा पाकिटातून येतो असं समजणारा माणूस!

मावशीचा फोन आलाच.

"काय गं, साऱ्या मेलेल्यांची वकिली करतेस, जित्या मावशीची करायला लाज वाटते होय?"

"मावशी, नियम आहे. प्रकरण वेंडलकडे गेलंय, मला बोलता येत नाही."

"तुला? बोलता येत नाही? लहानपणी तुझं तोंड बंद व्हावं म्हणून मी त्यात धिरडं कोंबायची!"

"मावशी, ऐक तर—"

"राहू दे. तू सांगायचीस तो झोपाळू तरी बोलेल ना? का त्यालाही मावशी आहे?" आणि फोन आपटला.

ओदिल त्या संध्याकाळी रडली. मग उठून तोंड धुतलं. वेंडलच्या दारावरून मात्र ती रोज मान खाली घालून जायची. हंगामात तो आठवडाभर दिसला नाही, तेव्हा सुट्टीवर गेला असेल म्हणून मनातल्या मनात तिनं त्याला शिव्याही घातल्या.

हिवाळ्याच्या तोंडावर सुनावणी लागली. ओदिल रजा काढून उत्तरेला गेली आणि कोर्टात शेवटच्या बाकावर बसली. विश्वस्तांचा वकील म्हणाला, "वाकून बटाटे वेचणारं एक तरी पोर दाखवा." ओदिलला आठवली ती फक्त तिच्या लहानपणची पोरं.

वेंडल उठला. त्यानं रोझेर नावाच्या शेतकऱ्याला साक्षीला बोलावलं.

"तुमच्याकडे यंत्र आहे?"

"आहे की."

"मग पोरं कशाला?"

"अहो, यंत्राला दगड कळतो होय?" रोझेर म्हणाला. "पट्ट्यावरून माल धावतो, दोन्ही बाजूंनी पोरं उभी राहून दगड, पाला, सडकं काढतात. वारा तर असा की हातमोज्यातून आत शिरतो. तुम्ही स्वतः उभे होतात ना चार दिवस? जज्जसाहेब, ह्या गृहस्थांनी दगड ठेवून माझे बटाटे फेकले!"

कोर्ट खदखदून हसलं. जज्जबाईंनी कसंबसं हसू आवरलं.

"आणि दुपारी?" वेंडल कानापर्यंत लाल झाला होता, पण थांबला नाही.

"दुपारी यंत्र थांबलं की पोरं रेजिनाबाईच्या दाराकडे पळतात. सगळ्यांत पुढे हेच होते."

जज्जबाईंनी निकाल दिला : राबून गारठलेली पोरं त्या दाराशी येताहेत तोवर आल्सिदचं सूप चालू राहील. घर विकायचं नाही.

बाहेर आल्या आल्या रेजिनामावशीनं वेंडलचे दोन्ही गाल ओढले आणि सगळ्यांना हाकत आपल्या घरी नेलं. भरलेले वाडगे पुढे ठेवताना ती ओदिलपाशी थांबली. राग अजून उतरला नव्हता.

"खरं सांग. तू उभी राहिली असतीस तर याच्याहून चांगलं लढली असतीस ना?"

ओदिलनं चमचा खाली ठेवला.

"नाही गं मावशी. मी माझं लहानपण सांगत बसले असते आणि हरले असते. शेतावर गेलेच नसते मी. मला वाटत होतं, इथलं सगळं मला ठाऊकच आहे."

मावशीनं तिच्या वाडग्यात आणखी एक पळी ओतली. मग पदर नव्हता म्हणून ॲप्रनलाच डोळे पुसले.

"म्हणजे तुला गप्प बसवलं तेच बरं केलं म्हणायचं," ती म्हणाली, आणि दोघी इतक्या मोठ्यानं हसल्या की डुलकी लागलेला वेंडल दचकून जागा झाला.