रूथबाईंच्या भिंगाची हद्द

नगरच्या एका मिशन दवाखान्यात रूथ साळवे थुंकी तपासायच्या, आणि रोग्याला वठणीवर आणण्यात तर त्यांचा कुणी हात धरू शकत नसे. टीबीचा पेशंट औषध अर्धवट टाकून पळायला लागला की डॉक्टर ओरडत, नर्सा विनवण्या करत. रूथबाई मात्र त्याला दंडाला धरून लॅबच्या अंधाऱ्या खोलीत नेत. तिथं देणगीत आलेला फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप होता. त्याखाली रंगवलेले जंतू काळोखात पिवळ्याहिरव्या काड्यांसारखे चमकत. "बघ, हे तुझे पाहुणे," बाई म्हणत. डोळा लावणारा गार पडे आणि मुकाट गोळ्या गिळू लागे. बाईंना या युक्तीचा थोडा तोराच होता म्हणा ना.

शेवगावात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा आसाराम असाच बरा झालेला. दर थंडीत तो बोरांची पिशवी घेऊन येई, आणि गिऱ्हाइकांना सांगे की नगरच्या बाई दाखवतील तेच खरं.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात तो आला तो पोटरीवर हळद चोपडून. बरोबर बायको चांगुणा होती, रडवेली. पिसाळलेलं कुत्रं चावून आठवडा झाला होता. सरकारी दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं सांगितली, तर हा तिथून उठून आला.

"आधी जंतू दावा," तो म्हणाला. "दिसला तर चौदा काय, चाळीस घेतो."

"हा नाही दिसत रे."

"टीबीचा दिसला, मंग ह्यो का न्हाई?"

बाईंनी जीव तोडून समजावलं. उजेडालाच हद्द आहे. फार बारीक, एकमेकींना फार चिकटलेल्या गोष्टी त्याला वेगळ्या दाखवता येत नाहीत. भिंग कितीही मोठं लावलं तरी ठिपका नुसता फुगतो, उमजत काहीच नाही. आणि हा जंतू त्या हद्दीहूनही बारीक आहे.

"भोक दिसल्याबिगर मी ठिगळ लावत न्हाई, बाई. तुमीच शिकवलं, आदी बघ, मंग गिळ."

"अरे, या रोगाची लक्षणं हेच बुडबुडे, ते दिसले की ट्यूब गेलीच समज! आज सुई घे, वाचशील."

तो हसला. बाईंच्या मनात आलं, कुठलीही स्लाइड लावावी आणि ठोकून द्यावं, हा बघ तुझा जंतू. पण त्या काड्या आसारामच्या चांगल्या ओळखीच्या होत्या, आणि खोटं बोलायला बाईंची जीभ उचलेना. डॉक्टरांनी सांगून पाहिलं, चांगुणानं पाय धरले. "इचार करून येतो," म्हणून तो गेला. बाईंनी एसटीच्या कंडक्टरकडून निरोपावर निरोप धाडले. उलट निरोप आला, जखम भरली, काळजी करू नका. बाईंनी पुन्हा निरोप धाडला, जखमेवर जाऊ नकोस, सुई घे.

पावसाळ्यात चांगुणानं त्याला जीपमध्ये घालून आणलं. पाण्याचा पेला पुढं केला की त्याचा घसा आवळून येई, अंग झटके खाई. डॉक्टरांनी रूथबाईंकडं बघून मान हलवली. आता कुणाच्याच हातात काही नव्हतं.

मधेच तो शांत झाला आणि त्यानं बाईंना ओळखलं.

"बाई, थुकी घ्या. आता तरी दिसंल ना?"

रूथबाईंना सगळं ठाऊक होतं. तो जंतू आता त्याच्या मेंदूत बुजबुजला होता. माणूस गेल्यावर मेंदूचा तुकडा मोठ्या लॅबमध्ये खास रंग देऊन पाहिला तर त्यात जंतू चमकला असता, तोही नुसते ठिपके म्हणून. जिवंत माणसाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? थुंकी घेऊनही त्यांच्या भिंगाखाली काही दिसणार नव्हतं. खरं बोलायची सवय नडली.

"नाही रे, आसाराम. नाही दिसत."

त्याचा ताणलेला चेहरा सैल पडला. त्यानं चांगुणाकडं मान वळवली.

"ऐकलंस? बाईला दिसंना, म्हंजी न्हाईच ते. उद्या घरी जाऊ."

चांगुणानं आशेनं रूथबाईंकडं पाहिलं. बाईंनी पाण्याचा पेला उचलून त्याच्या नजरेआड ठेवला.