ज्येष्ठमधाची काडी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. माझं बीपी उतरत नव्हतं आणि त्याचं खापर मी बायकोच्या मिठावर फोडलं.

तंबाखू सोडली होती मी. केवढा पराक्रम! तोंड रिकामं राहू नये म्हणून ज्येष्ठमधाच्या काड्या चघळू लागलो. वाळूजला कंपनीत शिफ्टभर आणि पडेगावला घरी आल्यावर झोपेपर्यंत. ज्येष्ठमधाचे औषधी गुण मी कुणी न विचारताही सांगत असे. बीपीची एक गोळी होती, तिच्या तीन झाल्या. बीपी जागचं हलेना.

मग मी संशोधन केलं, म्हणजे स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. लोणचं, पापड, ठेचा बंद. बायको वरणात टाकायचं मीठ मला चिमटीत दाखवायची.

"अहो, याहून कमी म्हणजे काय, बरणी नुसती दुरून दाखवू का वरणाला?"

मी न्यायाधीशासारखी ती चिमूट निरखून बघायचो.

त्यावर कळस केला तो कन्नडला, तिच्या माहेरी. सगळे जेवायला बसलेले असताना सासूबाईंनी वाढलेलं ताट मी सरकवलं. म्हणालो, "तुमच्या लेकीनं मला मिठानंच मारायचं ठरवलंय. वळण इथलंच दिसतंय." सासूबाईंचा वाढता हात थांबला. परतताना बायको एसटीच्या खिडकीबाहेर बघत राहिली. मी काडी चघळत होतो.

पुढं डॉक्टरांनी रक्त तपासलं. पोटॅशियम कमी निघालं.

"आणखी काय घेता?"

"काहीच नाही."

"मग गालात काय आहे?"

"ते होय? ज्येष्ठमध. आयुर्वेदिक आहे."

"दिवसभर असतंय," बायको म्हणाली. "झोपताना तेवढं काढून ठेवतात."

डॉक्टर हसले नाहीत. मीठ कमीच ठेवा, म्हणाले, पण रोज इतकं ज्येष्ठमध खाल्लं की अंगात मीठपाणी साठतं, पोटॅशियम निघून जातं. मग गोळ्या कितीही वाढवा. म्हणजे मी सकाळी तीन गोळ्या घ्यायचो आणि दिवसभर त्यांच्यावर पाणी फिरवायचो.

काडी सुटली. काही आठवड्यांत बीपी उतरलं, गोळ्याही कमी झाल्या. घरात मी "चुकलंच जरा" असं पुटपुटलो.

"मला काय सांगता इथं? जिथं बोललात तिथं सांगा."

कन्नडला गेलो. तेच घर, तीच माणसं. पहिला घास घ्यायच्या आधी म्हणालो, "आई, मीठ कधीच जास्त नव्हतं. बीपी मीच वाढवलं आणि बोल लावला तुमच्या लेकीला, तुमच्या घराला. मला माफ करा." मग बायकोकडे वळलो. "तूही कर."