अडतीस माणसांची परवानगी

“तुमच्या वडिलांना बाहेर बसवा. आकडा तुमचाच आहे, आम्ही नाही लिहिला.”

डॉक्टरकाका हे हळू आवाजात म्हणाले, माझ्या खांद्यावर हात ठेवून. समोर हॉलमध्ये पंगत मांडलेली होती. प्लायवूडचे रंगवलेले पाट. आशियाई दुकानातून आणलेली, पाण्यात सैल केलेली गोठवलेली केळीची पानं. दुसऱ्या रांगेत, शेवटून तिसऱ्या पाटावर माझे बाबा बसले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी. सदऱ्याला त्यांनी सकाळी स्वतः इस्त्री केली होती. दोनदा.

मी गेलो. वाकलो. म्हणालो, “बाबा, जरा बाहेर बसता का? माणसं जास्त झालीत.”

बाबा उठले. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून आधी पाटाला हात टेकला. शेजारच्या पानाला पाय लागू नये म्हणून भिंतीकडून वळसा घेतला. आणि दाराबाहेर गेले.

हे मी केलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना मला स्वतःला मोठं करता येणार नाही.

२००६ सालचा उन्हाळा. मिनियापोलिसजवळच्या एका उपनगरात आमचं मराठी मंडळ. मंडळाला पंचवीस वर्षं होणार म्हणून एक तासाची फिल्म करायची ठरली. गावाकडचं लग्न, अशी गोष्ट. लिहिणारे आणि दिग्दर्शक डॉक्टरकाका. मंडळ सुरू केलं तेही त्यांनीच. तीस वर्षांपासून इथे. सगळे त्यांना डॉक्टरकाका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणायचे. मीही.

लग्नाच्या पंगतीसाठी मोठी, जुनी, लाकडी जागा हवी होती. तळ्याकाठच्या पार्कमध्ये शहराच्या मालकीचा एक जुना हॉल होता. तिथे चित्रीकरण करायचं तर शहराची परवानगी लागत होती. अर्ज चार पानांचा. कोणती खोली, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, दिवे किती, गाड्या किती, केबल जमिनीला चिकटवणार का, ज्योत पेटवणार का. विम्याच्या कागदावर शहराचं नाव घालून आणायचं. हे काम कोणालाच नको होतं. मी घेतलं. मला अर्ज भरायला आवडतं. रकाना असतो, त्यात खरं लिहायचं असतं, आणि खरं लिहिलं की कोणी तुम्हाला काही विचारू शकत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

सहा वेळा पार्कच्या ऑफिसात गेलो. समईला खरी ज्योत चालणार नाही म्हणाले, तेव्हा बॅटरीवरच्या वाती शोधून आणल्या. शेजारच्या अकरा घरांना चिठ्ठ्या टाकल्या. अर्जावर सही माझी. परवाना माझ्या नावाचा.

एक रकाना होता, जागेवर हजर माणसं किती. डॉक्टरकाका म्हणाले, “पन्नास टाका हो. कोण मोजतंय?”

मी म्हणालो, “पन्नास नाहीत ना. पंगतीला बावीस. वाढणारे सहा. कॅमेरा आणि दिवे धरून पाच. स्वयंपाकाला चार. एक मी. अडतीस.”

ते हसले. “तुम्ही म्हणजे अगदी ऑडिटर.”

मी अडतीस लिहिलं.

बावीसमध्ये एक माझे बाबा होते. सहा महिन्यांच्या व्हिसावर आले होते. नागपूरकडच्या एका नगरपालिकेच्या बागेत एकतीस वर्षं त्यांनी झाडू मारला, पाणी घातलं, फाटक उघडलं आणि बंद केलं. इकडे दिवसभर घरात बसून कंटाळायचे. मी सांगितलं, फिल्ममध्ये पंगतीला बसायचं आहे. ते म्हणाले, “मले घेतील?”

“घेतील म्हणजे? यादीत नाव आहे तुमचं.”

मग दिवसातून एकदा तरी विचारायचे, त्याची कॅसेट मिळते का. वस्तीत नेऊन दाखवायची होती त्यांना. अमेरिकेत, एवढ्या लोकांत, मधोमध बसून जेवतोय. बोलायचं काही नव्हतं त्यांना फिल्ममध्ये. नुसतं बसून जेवायचं होतं.

चित्रीकरणाच्या तीन आठवडे आधी डॉक्टरकाका आणि काकू विम्याच्या कागदावर सही करायला आमच्या घरी आले. पहिल्यांदाच. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. पण दिवाणखान्यात समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे. काकू त्या फोटोकडे पाहत राहिल्या. मग बाबांना विचारलं, “तुम्ही काय करत होतात, काका?” बाबांनी सांगितलं. सगळं, हौसेनं, कोणत्या झाडाला किती बादल्या, तेही. माझी बायको सुनंदा पोहे घेऊन आली. काकू म्हणाल्या, “अय्या, नको हो, आत्ताच जेवून निघालोय.” सकाळचे साडेनऊ वाजले होते.

सुनंदानं बशा परत नेल्या. मी सह्या तपासत होतो. मला वाटलं, खरंच जेवून आले असतील.

चित्रीकरणाच्या दिवशी डॉक्टरकाकांच्या घरी न्यू जर्सीहून आलेले पाहुणे सोबत आले. त्यांचे साडू, मेहुणी आणि मेहुणीची सासू. यादीत नाव नव्हतं. आल्या आल्या त्यांना नऊवारी, फेटा वगैरे देऊन फिल्ममध्ये घ्यायचं ठरलं. आणि मग डॉक्टरकाका माझ्याकडे आले, खांद्यावर हात ठेवला, आणि ते वाक्य बोलले.

मी नियमाचा माणूस. आकडा ओलांडला हे मला टोचलंच. आणि त्या टोचणीत मी स्वतःच्या बापाला उठवलं.

बाबांच्या पाटावर साडू बसले. मेहुणी आणि तिची सासू वाढणाऱ्यांत उभ्या राहिल्या.

सुनंदा वाढणाऱ्यांमध्ये होती. हातात वरणाचं भांडं घेऊन ती माझ्यापाशी आली. “बाबा कुठे गेले?”

“बाहेर. अडतीसच्या वर झाले ना.”

“तुम्ही सांगितलंत? तुम्ही?” तिनं भांडं खाली ठेवलं. “मोजा आता. तुम्ही मोजता ना सगळं? मोजा.”

मी मोजलं. चाळीस. तीन आले होते, एक गेला होता. अडतीसच्या वर अजूनही दोन होते. आणि बाहेर जा असं फक्त एकाला सांगितलं होतं.

मी पुन्हा मोजलं. चाळीसच.

खिडकीतून बाबा दिसत होते. बाकावर बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

अकराच्या सुमाराला पार्कची बाई आली. खाकी गणवेश, हातात क्लिपबोर्ड. केबल पाहिल्या, वाती पाहिल्या, खूश झाली. मग इंग्रजीत विचारलं, माणसं किती?

डॉक्टरकाका लगेच म्हणाले, “थर्टी एट. अ‍ॅज पर द परमिट.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. सही माझी होती.

मी म्हणालो, चाळीस. आणि माझे वडील बाहेर बसलेत. ते धरून एकेचाळीस.

डॉक्टरकाकांनी डोळे मिटले. बाई मात्र हसली. म्हणाली, हा हॉल साठ माणसांचा आहे. सकाळी एक फोन केला असता तरी मी आकडा बदलून दिला असता. तिनं पेन काढलं, अडतीस खोडलं, एकेचाळीस लिहिलं, बाजूला सही केली, माझी घेतली. मिनिटसुद्धा लागलं नाही.

एक फोन. मी सहा वेळा ऑफिसात गेलेला माणूस, आणि तो एक फोन मला सुचला नाही.

मी डॉक्टरकाकांकडे गेलो. “आकडा वाढवला. आता बाबांना बसवतो.”

“आता कुठे बसवता? बावीस पाट आहेत. अर्धा सीन शूट झालाय, मध्येच नवीन माणूस दिसला तर कंटिन्युइटी जाते.”

“नवीन नाहीत. पहिल्यापासून तेच बसले होते. नवीन तर तुमचे साडू.”

“अहो, एका सीनचा प्रश्न आहे यार, कशाला ताणताय?”

तेवढ्यात काकू आल्या. गोड आवाज. त्यांना खरंच वाटत होतं की त्या मार्ग काढताहेत. म्हणाल्या, “त्यात काय, काकांना पुढचा सीन देऊ ना. पंगत उठल्यावर उष्टी पानं उचलायची आहेत. मग बाहेर थोडं झाडायचं. त्यांना सवय आहे, किती नॅचरल दिसेल!”

साडू माझ्या बापाच्या पाटावरून म्हणाले, “ऑथेंटिक!”

दोघं-तिघं हसले. सगळे नाही. पण जे हसले नाहीत, तेही काही बोलले नाहीत. कॅमेरा चालवणारा निखिल, पुण्याचा, माझ्याच कंपनीत, रोज माझ्याबरोबर जेवायचा. तो लेन्स पुसत राहिला.

पोहे आठवले. साडेनऊ वाजताचं जेवण आठवलं. पन्नास टाका हो, कोण मोजतंय, तेही आठवलं. आकडा त्यांना कधीच अडवत नव्हता. तो फक्त माझ्यापुरता होता. मी खरा लिहिलेला आकडा माझ्याच हातून माझ्याच बापावर चालवला गेला.

परवान्यात नववी अट होती. परवानाधारक पूर्ण वेळ जागेवर हजर पाहिजे. तो गेला की परवानगी संपली. ही अट मी तीनदा वाचली होती. बाकी कोणी एकदाही वाचली नव्हती.

मी पार्कच्या बाईला गाठलं. म्हणालो, मी जातोय.

तिनं विचारलं, नक्की? मग मला हॉल बंद करावा लागेल.

“येस,” मी म्हणालो.

दिवे बंद झाले तेव्हा डॉक्टरकाका ओरडले नाहीत. ते कधी ओरडत नसत. मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “कुठेही जा, यांना कोटा पाहिजेच.”

मी म्हणालो, “कोटा नव्हता. यादीत नाव होतं. तुमच्या साडूंचं नव्हतं.”

एवढंच बोललो. आणखी बोलायला हवं होतं. सुनंदानं वरणाचं भांडं काकूंच्या हातात दिलं आणि माझ्या आधी बाहेर पडली.

बाबांना बाकावरून उठवून गाडीत बसवलं. मला वाटलं होतं, बाबा पाठीवर थाप मारतील. एकतीस वर्षं खाली मान घालून काम केलेला माणूस. पोरानं आज मान वर केली.

बाबा म्हणाले, “काहून बंद पाडलं रे?”

मी सांगितलं. पानं उचलायचं, झाडायचं, सगळं.

ते खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, “बागेत एकदा शूटिंगवाले आले होते. पहाटपासून झाडून देल्ली म्या त्याहिले बाग. मंग मलेच म्हने, ए, बाजूले हो, फ्रेममधी येतं तू. आमच्याच साहेबाची सही होती त्या कागदावर. तवा वाईट नाई वाटलं. साहेब का माह्या घरचा होता?”

मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

घर जवळ आलं तेव्हा ते हळूच म्हणाले, “मले बसाचं होतं रे पंगतीत.”

ऑक्टोबरमध्ये बाबा परत गेले. पुढच्या उन्हाळ्यात वारले. वस्तीत दाखवायला त्यांनी काही नेलं नाही.

फिल्म झाली. पंगतीचा सीन डॉक्टरकाकांच्या बेसमेंटमध्ये घेतला. तिथे कोणाची परवानगी लागत नाही. मंडळात सांगितलं गेलं की अमुक माणसानं अहंकारापायी पंचवीस वर्षांच्या कामावर पाणी ओतलं. निखिल ऑफिसात दुसऱ्या टेबलावर जेवू लागला.

बाबा गेल्याचं कळल्यावर तो एकदा माझ्या डेस्कपाशी आला. एक छोटी टेप ठेवली. म्हणाला, “त्या दिवसाची आहे. सॉरी सर,” आणि गेला.

टेपवर माझे बाबा आहेत. एकोणीस सेकंद. कॅमेरा चालू राहिला होता. माझा आवाज येतो, बाबा, जरा बाहेर बसता का. मग ते पाटाला हात टेकतात, उठतात, पान चुकवतात, आणि पाठमोरे दाराकडे चालत जातात. दारात उजेड जास्त आहे, तिथे ते पांढरे होऊन दिसेनासे होतात. माझ्याकडे बाबांचं हलतं चित्र एवढंच आहे. आणि त्यावर आवाज माझा आहे. डॉक्टरकाकांचा नाही.

सुनंदा म्हणते, ती टेप पुसून टाका. मी पुसत नाही.

त्या दिवशी मी परवाना सोडून निघालो, हे लोकांना माहीत आहे. आमच्यातले काही जण ते कौतुकानं सांगतात. मी त्यांना टेप दाखवतो. म्हणतो, आधी हे बघा, यातला आवाज ओळखा. तो आवाज माझ्या गळ्यात कोणी बसवला, हे मला ठाऊक आहे. पण गळा माझा होता.

अर्ज मी अजूनही भरतो. आता एप्रिलमध्ये आमच्या लोकांचा कार्यक्रम त्याच हॉलमध्ये होतो, परवाना माझ्या नावाचा. निखिलनं एका वर्षी विचारलं, येऊ का. मी यादीत त्याचं नाव लिहिलं. डॉक्टरकाकांनी कधी विचारलं नाही. विचारलं तर दाराशीच सांगेन, आधी त्या बाकावर बसा, दिवसभर बसा, मग बोलू.

माणसांच्या रकान्यात मी अजूनही खरा आकडा लिहितो. पण आकडा चुकला तर आता माणूस उठवत नाही. आकडा खोडतो. आणि कोणी खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात माझ्या माणसाला बाहेर बसवायला सांगितलं, तर तो हात मी आधी खाली काढतो. मग विचारतो, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: यालाच का?