अंगचोर

अनुपमा गंगाखेडच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. त्या दिवशी धडा होता अणूच्या केंद्रकाचा. ती म्हणाली, "आत नुसती खचाखच गर्दी. साधा कण शिरला की पावलोपावली धक्के खातो, अडकतो. पण एखाद्याला असा दणका बसतो की तो क्षणभर अंग चोरतो, एवढुसा होतो आणि कुणाला न लागता पार निघून जातो."

"मंग तसाच बारीक ऱ्हातो का, मॅडम?" एका पोरीनं विचारलं.

"नाही गं. लगेच पसरायला लागतो. वेग असला तर तोवर बाहेर पडलेला असतो. कमी पडला तर आतच सापडतो."

संध्याकाळी एसटीत उभं राहून ती परभणीला घरी आली, तेव्हा पाय भरून आले होते. दुसऱ्या दिवशी नणंदेचा साखरपुडा. बैठकीत पाहुण्यांची ही गर्दी. पहाटे सगळ्यांचे डबे करून गेलेल्या अनुपमाला कुणाशी दोन शब्द बोलायचंही त्राण नव्हतं. पर्स पोटाशी धरून, मावश्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती मधल्या दारापर्यंत पोचली. पलीकडं तिची खोली, खाट, पंखा. तिनं सुस्कारा टाकला, खांदे सैल सोडले, तशी पोटाशी धरलेली पर्स सुटून दारावर आदळली.

सगळ्या माना वळल्या.

"बघा, कशी सटकायलीय," सासूबाई चन्नबसम्मा पाहुण्यांना म्हणाल्या. "पहिल्यापासून लय अंगचोर हाय. अनुपमा, पुऱ्या लाटायच्यात."

"आले, आत्याबाई."

तिनं पर्स खुंटीला अडकवली. वेगच कमी पडला होता.