येतो म्हणणारी माणसं

माझा थोरला भाऊ लाउडस्पीकर दुरुस्त करायचा आणि स्वतः मात्र कुजबुजल्यासारखा बोलायचा. गिऱ्हाईक काउंटरवर ओणवं होऊन कान पुढे करायचं. वहिनी म्हणायची, "ह्यांचा सगळा आवाज लोकांच्या भोंग्यांत गेला, घरी काही उरला नाही."

तळमजल्यावर त्याचं दुकान. दुकानामागे वहिनीची चहाची खोली, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढी. आणि ह्या दोन्हींच्या डोक्यावर लाकडी फळ्यांच्या जमिनीची एक मोठी खोली. ती आमच्या वडिलांनी आईच्या शिवणवर्गासाठी बांधली होती. शिलाई मशिनी भिंतींना लावलेल्या, मुली भिंतीकडे तोंड करून बसलेल्या आणि मधलं सगळं मोकळं. लहानपणी आम्ही मधे दोरीवरच्या उड्या मारायला लागलो की वडील खालून काठीने छत ठोकायचे आणि ओरडायचे, "कडेनं! कडेनं खेळा!" पुढे आईवडील गेले, मशिनी विकल्या, तरी आम्ही भावंडं त्या खोलीत भिंतीला धरूनच चालायचो.

दादा तिथे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी जुन्या तबकड्या ऐकवायचा. बंद पडलेले ग्रामोफोन दुरुस्त करता करता त्याच्याकडे तबकड्यांचा ढीग साठला होता. खुर्च्या भिंतीला टेकवलेल्या, खिडकीपाशी यंत्र, दारात तिकीट फाडायला मी. मध्यंतरात वहिनी खालून चहा पाठवायची. मधूनच एखादा ताडताड चालत गेला की यंत्राची सुई उडायची आणि गाणं एक ओळ गाळून पुढे जायचं. दादा हात वर करून म्हणायचा, "कडेनं." सगळे हसायचे.

आमंत्रण तो स्वतः फोनवरून द्यायचा. इकडची तिकडची चौकशी व्हायची आणि शेवटी पलीकडचा म्हणायचा, "बरं, येतो." आता आपल्याकडे येतो म्हणजे निघतो. दारातून निघणारा माणूस जातो म्हणत नाही. म्हटलं तर घरातली म्हातारी माणसं जागच्या जागी त्याचं तोंड बंद करतील. तेव्हा फोनवरचा कुठला "येतो" खुर्चीवर येऊन बसणारा आणि कुठला नुसता फोन ठेवणारा, हे ऐकणाऱ्याने ओळखायचं. ते शेंबड्या पोरालाही कळतं. दादालाही कळायचं. पण त्याच्या खुर्च्या अर्ध्या रिकाम्या राहायच्या आणि त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. मैफल संपल्यावर तो न वापरलेल्या खुर्च्याही पुसून ठेवायचा. मला ते बघवायचं नाही.

मग दादाच्या जावईबापूंनी मनावर घेतलं. भाचजावई माझा चांगला आहे हो, शांत, निर्व्यसनी, पण एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की हात धुऊन लागतो. केक शिकवणाऱ्या बाया, मातीची भांडी करायला शिकवणारे, नाचाचे वर्ग घेणारे, अशा छोट्या छोट्या कार्यक्रमवाल्यांसाठी त्याने एक प्रोग्राम बनवला होता. तो आपोआप सोशल मीडियावर जाहिराती टाकायचा, फोटो निवडायचा, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा, किती जण येणार ते मोजायचा आणि न येणाऱ्यांच्या मागे लागायचा. आधी घरच्यांवर प्रयोग, मग बाहेर विक्री. जावयाला नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती.

"बाबा, तुम्ही काहीच करायचं नाही," तो म्हणाला. "हे तुमच्याच नावाने बोलेल, तुमच्याच भाषेत."

वहिनीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव चोमडा ठेवलं. आणि चोमडा बोलू लागला. "मित्रहो, तुमच्याशिवाय ही मैफल अपुरी!" माझ्या भावाने जन्मात कुणाला मित्रहो म्हटलं नव्हतं. पण लोकांना ते आवडलं. रस्त्यात अनोळखी माणसं त्याला थांबवून म्हणायची, "काल तुम्ही किती छान उत्तर दिलंत!" दादा मान डोलवायचा आणि घरी येऊन आपण काल काय उत्तर दिलं ते वाचायचा. थोड्या दिवसांनी तो दुकानातल्या गिऱ्हाइकालाही मित्रहो म्हणू लागला.

पहिला दणका बसला तो मास्तरांच्या वेळी. शाळेतून निवृत्त झालेले हे मास्तर दाराजवळच्या खुर्चीवरचे कायमचे श्रोते. चोमड्याने त्यांना आमंत्रण धाडलं. त्यांच्या बायकोने उत्तर लिहिलं, "मास्तर गेले." चोमड्याने ताबडतोब, फुलांचं चित्र टाकून, लिहिलं, "अरे वा! कुठे गेले? परत आले की नक्की घेऊन या. जागा राखून ठेवतो."

दादा दोन दिवस दुकानातून बाहेर पडला नाही. वहिनी एकटी जाऊन त्या बाईंच्या पाया पडून आली. जावई ओशाळला, रात्रभर बसला आणि सकाळी म्हणाला, "आत्या, केलं दुरुस्त. आता गेले म्हटलं की ते सांत्वन करेल."

"आणि येतो म्हटलं की?" मी विचारलं.

कारण तोच घोळ चालला होता. लोक चोमड्याशी बोलायचे, सवयीने शेवटी "चला, येतो" लिहायचे आणि चोमडा एक खुर्ची भरली म्हणून मोजायचा. त्या शनिवारी त्याच्या हिशेबाने खोली गच्च भरायची होती. प्रत्यक्षात आली नेहमीचीच मंडळी. वहिनीचा किटलीभर चहा मोरीत गेला.

"अहो जावईबापू, येतो म्हणजे निघतो," वहिनी म्हणाली. "एवढं तरी त्याला शिकवा."

"आई, त्याची गरजच नाही. ते स्वतःच शिकलंय." त्याने फोनवर कसलीशी रेघ दाखवली. "येतो म्हणणाऱ्यांतले निम्मे येत नाहीत, हे त्याला कळलंय. म्हणून ते आता दुप्पट लोकांना बोलावणार. अर्थ कळायची गरज नाही, आकडा पुरतो."

"आणि सगळेच आले तर?"

"सगळे कधी येतात का, आत्या?"

मी दादाकडे बघितलं. त्याने बोलायला हवं होतं. येतो म्हणजे काय, हे जन्मभर फोनवर ऐकलेला माणूस तो. पण तो त्या रेघेकडे बघत होता. "बोलावू दे गं ठमे," तो म्हणाला. मी लहानपणी गुटगुटीत होते, तेव्हापासून मी ठमी. "आपण कधी भरलेली खोली बघितलीच नाही." इतकं लाचार तोंड करून म्हणाला की मी विषयच सोडला.

आणि खोली भरू लागली. भिंतीकडेच्या खुर्च्या संपल्या, मग मधे सतरंज्या आल्या. दादाचे पाय जमिनीवर ठरेनात. माणसं मांडीवर ताल धरायची, मग पायाने धरायची. सुई उडायला लागली. एका गाण्यात तीन-चारदा उडाली तेव्हा मागून कुणी तरी म्हणालं, "यंत्र बदला की राव!" पूर्वीचा दादा हात वर करून "कडेनं" म्हणाला असता. आता कडेला जागाच नव्हती. पुढच्या वेळी त्याने मोठ्या स्पीकरच्या खोक्यातला जाड फोम कापून यंत्राखाली घातला. सुई उडायची थांबली.

त्या दिवशी मी घरी नीट जेवले नाही. काय खुपतंय ते मला तेव्हा धड सांगता येत नव्हतं. वडील काठीने छत ठोकताहेत आणि कुणी तरी काठीला कापड गुंडाळलंय, असं काहीसं वाटत होतं.

वहिनीला मात्र सांगता येत होतं. तिच्या चहात भुसा पडत होता. मैफल चालू असली की मधल्या तुळईतून बारीक पिवळट भुकटी झरायची आणि नेमकी ओट्यावर यायची. ती कपांवर बश्या उपड्या घालून ठेवायची.

"अहो, सुताराला दाखवा ना वरचं."

"दाखवू या. एवढी मैफल होऊ दे."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात."

"मागच्या वेळी इतकी माणसं कुठे होती?" दादा म्हणाला. उत्तर कशाचं देतोय, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

चोमडा तोवर आणखी एक गोष्ट शिकला होता. दोन-दोन जाहिराती टाकून कुठलीला माणसं जास्त येतात ते तो बघायचा. "शेवटच्या काही जागा" ह्याला लोक धावतात, हे त्याला कळलं. शेवटचा हा शब्द त्याला गुळासारखा लागला. एके सकाळी मी दादाकडे गेले तर त्याच्या फोनवर त्याचाच फोटो, खाली काळी चौकट आणि ठळक अक्षरं : "ह्या शनिवारी दादांची शेवटची मैफल."

वहिनीच्या हातातून भांडं पडलं. "हे काय अभद्र लिहिलंय? काढा आधी ते!"

तिने जावयाला फोन लावला होता. "आई, वाईट दिसतंय खरं, पण एका रात्रीत किती जणांनी उत्तरं दिलीत बघा. दोन कार्यक्रमवाल्यांनी मला विचारलंय की हे कसं केलंत. शनिवार होऊ दे, मग बदलतो."

"अहो, तुम्ही तरी सांगा त्यांना!"

दादा फोनवर बोट फिरवत होता. खाली नुसती रांग लागली होती. येतो. येते. आम्ही सगळे येतो. नक्की येतो. "शेवटची म्हटलं म्हणून आठवण झाली लोकांना," तो हळूच म्हणाला. "असू दे." मी त्याच्यावर इतकी कधीच चिडले नव्हते.

त्या शनिवारी मात्र येतो म्हणजे येतोच होता. शेवटचं म्हटल्यावर कोण मागे राहतं? दिवेलागणीच्या आतच जिन्यावर माणसाला चिकटून माणूस. मी दार लोटून घेतलं तर त्यांनी प्रेमाने ते परत ढकललं. "ताई, आम्हाला दादांचं उत्तर आलंय, जागा राखलीय म्हणून." प्रत्येकाच्या फोनवर तेच. मी तिकिटं फाडणं सोडलं आणि माणसांवरून वाट काढत दादापर्यंत गेले.

"दादा, बंद कर. अर्ध्यांना खाली पाठव."

तो मोठ्याने बोलला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला मोठ्याने बोलताना ऐकलं. "मित्रहो, जरा सरकून घ्या! अजून मंडळी यायचीत!"

सगळी गर्दी मधे सरकली.

मी भिंतीच्या कडेकडेने परत दारापाशी आले तर वहिनी तिथे आली होती. पदराने कपाळ पुसत तिने खोलीभर नजर फिरवली, कप मोजायला फिरवते तशी, आणि मान हलवली. "वन्सं, एवढ्यांना कुठून पुरणार चहा? भुसाही फार पडतोय, आधण झाकून ठेवलंय नुसतं." मी म्हटलं, राहू दे चहा, इथेच थांब. ती हसली. "गॅस चालू आहे गं. आलेच. येते मी." आणि जिन्यावरच्या माणसांना बाजूला करत खाली गेली.

दादाने तबकडी लावली. सगळ्यांना पाठ असलेलं गाणं होतं. पायांनी ताल धरला. फळ्या खालीवर होताना माझ्या तळव्यांना कळत होत्या, खिडकीच्या काचा कुरकुरत होत्या, आणि सुई फोमवर मजेत फिरत होती. एक ओळही गळली नाही.

मग मधली तुळई मोडली. आवाज फार मोठा झाला नाही. सतरंजी मधे खचली, माणसं एकमेकांवर घसरत तिच्याबरोबर गेली आणि कडेच्या खुर्च्या जिथल्या तिथे राहिल्या. मी भिंतीशी होते. दादाही खिडकीशी, भिंतीलाच होता. मधोमध भोक, त्यातून वर येणारी धूळ आणि वाफ, आणि ग्रामोफोन चालूच.

वरून पडलेल्यांचे हातपाय मोडले, बरगड्या मोडल्या, पण सगळी वाचली. खाली ओट्यापाशी एकच माणूस होतं.

पुढचं मला फार सांगवत नाही. घरात माणसं येत होती, जात होती. जावई कोपऱ्यात डोकं धरून बसलेला, त्याला हाक मारायचीही कुणाची हिंमत नव्हती. चोमड्याची कुणाला आठवण राहणार? तो आपलं काम करत होता. तिसऱ्या दिवशी दादाने सवयीने फोन हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही म्हणून मी जाऊन बघितलं. लोकांनी त्याच्या नावावर लिहिलं होतं, "वहिनी गेल्या, फार वाईट झालं." कुणी, "काकू गेल्या, विश्वास बसत नाही." आणि प्रत्येकाच्या खाली, फुलांचं चित्र टाकून, माझ्या भावाच्या नावाने उत्तर होतं. "अरे वा! कुठे गेल्या? परत आल्या की नक्की घेऊन या. जागा राखून ठेवतो."

गेले शिकवलं होतं. गेल्या शिकवायचं राहिलं होतं.

जावयाने सगळं बंद केलं, तो धंदाही सोडला. वरची खोली उतरवली. दादा दुकानात बसतो, भोंगे दुरुस्त करतो, पूर्वीइतकंच हळू बोलतो. आठवड्यातून एकदा माझ्याकडे येतो, चहा घेतो, कपावर बशी उपडी घालून ठेवतो. उठताना दारात थांबून पायात चपला घालतो आणि म्हणतो, "जातो गं, ठमे."

पहिल्या वेळी मी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. त्याने तो हळूच बाजूला केला. आता मी काही म्हणत नाही. तो जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत दारात उभी राहते.