चौथ्या दिवशी ठणठणीत

"फॅमिलियल मेडिटरेनियन फीवर," डॉक्टर म्हणाले. म्हणजे घराण्यातून येणारा, अधूनमधून उसळणारा ताप. "पण जनुकाचा रिपोर्ट एकटा पुरत नाही. ताप कधी आला, किती दिवस टिकला, तारखा आहेत?"

सुनंदानं नकारार्थी मान हलवली. ती अकरा वर्षं माझ्याकडे, कर्वेनगरला, पोळ्या करते. दोन महिन्यांपूर्वी माझ्याच ओट्यापाशी पोट धरून बसली, अंगात एकशे तीन ताप. तेव्हापासून दवाखान्यात मी तिच्याबरोबर असते.

आधी तिला ऑटोइम्यून संधिवात सांगितला होता, कारण गुडघे सुजायचे आणि एएनए ही रक्ततपासणी किंचित पॉझिटिव्ह होती. मला राहवेना, मी डॉक्टरांना त्यात आणि या तापात फरक काय ते विचारलं.

"ऑटोइम्यूनमध्ये पहारेकरी घरच्यांनाच चोर समजतात. हा ताप ऑटोइन्फ्लमेटरी, यात चोर नसतानाच भोंगा वाजतो. काहींना दोन्ही असतं. सूज अशीच धुमसत राहिली तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. घरात आणखी कोणाला ताप येतो?"

"धाकट्या लेकीला," सुनंदा हळूच म्हणाली.

तारखा माझ्याकडे होत्या. तिच्या प्रत्येक खाड्याला मी कॅलेंडरवर लाल फुली मारते, आणि जुनी कॅलेंडरं टाकायची मला सवय नाही. पुढच्या खेपेला तीन वर्षांची गुंडाळी घेऊन गेले.

डॉक्टर पानं उलटत राहिले. कुठे दोन फुल्या, कुठे तीन. सलग चौथी कुठेच नाही. ते खूश झाले. कालपर्यंत फणफणलेली बाई चौथ्या दिवशी टवटवीत कशी, एवढ्यावरून मी तिला खोटारडी ठरवलं होतं. त्यावरच बोट ठेवून ते निदान पक्कं करत होते. फुल्यांशेजारी माझ्या सुवाच्य अक्षरात होतं, 'परत निमित्त'.

सुनंदानं ते वाचलं.

कोल्चिसिन सुरू झालं, सूज दाबणारी रोजची गोळी. संधिवात वेगळा आहे का, ते अजून तपासताहेत. तुमच्याकडे असा ये-जा करणारा ताप असेल तर तारखा जरूर लिहा, शेरे नकोत.

मी माफी मागितली तेव्हा ती पोळी उलटत म्हणाली, "विश्वास ठेवला असता काकू, तर फुल्या कशाला मारल्या असत्या?"

आता धाकटीच्या तारखा हव्या होत्या. तिच्या शाळेत हजेरीपट मागायला दोघी गेलो. वर्गशिक्षिका माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अहो, आजारी कसली? चौथ्या दिवशी मैदानात हुंदडत असते."

"तेच लिहून द्या, बाई," सुनंदा म्हणाली.