सकाळी श्रीमंत, दुपारी गरीब

आमच्या लग्नाचं कर्ज माझ्या पोरीपेक्षा दोन वर्षांनी थोरलं होतं, आणि घरात मानही त्यालाच जास्त होता. पोरीला वाढदिवसाला एक केक. कर्जाला मात्र दर दिवाळीला दोन-चार हजारांचा नैवेद्य!

हे कर्ज डोंगरकड्याच्या गंगाधरअप्पांचं. अप्पा मंडप आणि भांडी भाड्यानं देतात. माणूस जन्मात एकदाच नवरदेव होतो, म्हणून मी मंडप असा घालायला लावला की त्याच्या सावलीत अर्धी हिंगोली दुपारची झोप काढू शकली असती. शिवाय रोषणाई, शिवाय घोडा. (घोड्यावर मी एकूण सव्वा मिनिट होतो. पुढची वरात त्यानं माझ्याविनाच काढली.) सगळं उधारीवर! अप्पा देवमाणूस, व्याज म्हणून त्यांनी लावलं नाही. पण दहा वर्षं झाली तरी पंच्याऐंशी हजार राहिले ते राहिलेच.

कारण मी घरासाठी पैसे जमवत होतो. मी शाळेत क्लार्क. भाड्याच्या दोन खोल्यांत मी, बायको सविता, पोरगी आणि माझे वडील, म्हणजे आबा. आबा कुशीवर वळले की आम्हा तिघांना वळावं लागायचं. चहा सोडून, चपला शिवून, केस स्वतःच कापून (पोरीनं आठ दिवस ओळख दाखवली नाही) मी बँकेत एक लाख वीस हजार साठवले होते.

सविता म्हणायची, “अहो, आधी घागरीचं भोक बुजवा, मंग पाणी भरा. अप्पाचे देऊन टाका.”

“तुला अर्थशास्त्र कळत न्हाई,” मी म्हणायचो. मला कळायचं. त्या विषयात मी तीनदा बसलो होतो.

तर घरासाठी कर्ज देणाऱ्या एका कंपनीकडे मी अर्ज केला. तिकडून फोन आला, “शनिवारी सकाळी अकराला आमचे साहेब घर बघायला येतील. राहणीमान कसं आहे, ते पाहतात.” मी फोन खाली ठेवतो न ठेवतो तोच अप्पांचा फोन! “दत्ता, तुला पैसे मागायची मला लाज वाटून राहिली बाबा. म्हणून शनिवारी चारला जावयाला पाठवतो. नवा हाय. तुला जमतील तेवढे दे.”

झालं! एकाच दिवशी सकाळी श्रीमंत दिसायचं होतं आणि दुपारी गरीब. दुसरा कोणी असता तर गडबडला असता. मी वेळापत्रक केलं: अकराला सोफा आणि सूट, चारला फाटकं बनियन आणि आबांचा खोकला.

शेजारच्या सलमाभाभींनी सोफा आणि फ्रिज द्यायचं कबूल केलं. वर म्हणाल्या, “मैं सुबह कळमनुरी जारी बहन के पास. चावी रखो. चार बजे तक आती, और उस कर्जेवाले के सामने ऐसी रोती, ऐसी रोती, के उलटा वोइच तुमको पैसे देके जाता!”

शनिवारी सकाळी सोफा आमच्या दारात अडकला. अर्धा घरात, अर्धा गल्लीत. आबा आतल्या बाजूला. वीस मिनिटं त्यांना चहासुद्धा सोफ्याखालून सरकवावा लागला. सोफा सुटला तेव्हा दाराच्या चौकटीचा एक तुकडा सोबत घेऊनच सुटला. मग फ्रिज. फ्रिज रिकामा दिसू नये म्हणून आबांनी कुणाला न सांगता आपली चार धोतरं घडी घालून त्यात ठेवली. मी लग्नातला सूट चढवला. दहा वर्षांत सूट होता तेवढाच राहिला होता, हा त्याचा दोष.

बरोबर अकराला दारात एक तरुण उभा. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल.

“दत्ताभाऊंचं घर हेच का?”

“या साहेब, या! बसा, सोफ्यावर बसा!”

तो अवघडून बसला. फारसं बोलेना. (मोठे अधिकारी बोलत नाहीत, हे मला ठाऊक होतं.) मी म्हणालो, “सविता, साहेबांना फ्रिजातलं पाणी दे.” तिनं दार उघडलं. धोतरं!

“हे काय?” पाहुण्यानं विचारलं.

“उन्हाळ्यात आमच्यात गार धोतर नेसतात,” मी म्हणालो. “सवयी हायेत श्रीमंतीच्या, काय करता!”

आबांनाही चेव आला. “चार एकर केळी हाय,” ते म्हणाले. (केळी होती. चार. टोपलीत.)

“म्हंजे पैशाची काही तकलीफ न्हाई?” पाहुण्यानं हळूच विचारलं.

“तकलीफ?” मी एवढ्या जोरात हसलो की सूटचं बटण तुटून फ्रिजवर टणकन आपटलं. “अहो, पैसा ठेवायला जागा न्हाई! म्हणून तर घर घेऊन राहिलो!”

पाहुण्याचा चेहरा खुलला. फाइल उघडून तो म्हणाला, “मंग बरं झालं. आमचे सासरे म्हणले होते, गरीब हाय, पाचेक हजार दिले तरी घे. पण तुमची अशी परिस्थिती हाय तर पुरेच पंच्याऐंशी देऊन टाका.”

“सासरे? कोणते सासरे?”

“डोंगरकड्याचे. गंगाधरअप्पा. मला दुपारी नरसीला दर्शनाला जायचं हाय, म्हणून म्हणलं सकाळीच उरकावं.”

घरात अशी शांतता पसरली की फ्रिजचा आवाज आला असता. पण फ्रिज लावलेलाच नव्हता.

“जावईबापू,” मी म्हणालो, “केळीचं जरा... म्हंजे पैसा हाय, पण तो जरा आत हाय...”

“आत काहून? बँकेत हाय की,” सविता म्हणाली. माझ्या कोटाच्या खिशातून तिनं मोबाइल काढला, माझाच अंगठा धरून त्यावर टेकवला, आणि “पिन टाका” म्हणाली. त्या वेळच्या तिच्या नजरेपुढे वाघानंही पिन टाकला असता. पंच्याऐंशी हजार गेले! मग तिनं जावयाकडून पोरीच्या वहीच्या पानावर लिहून घेतलं, ‘सगळे पैसे मिळाले, आता काही बाकी नाही.’ सही घेतली, अप्पांना फोन लावून त्यांच्या तोंडूनही वदवून घेतलं आणि जावयाला नारळ दिला. पोरगं खुशीत गेलं.

दुपारी सोफा आणि फ्रिज जागेवर नेऊन ठेवले. मी भोकं पडलेल्या बनियनवर जमिनीवर बसलो. आता गरिबीचं नाटक करायची गरजच नव्हती. दहा वर्षांचा घाम अर्ध्या मिनिटात डोंगरकड्याला पोचला होता. आबा म्हणाले, “तू केळी बोलू दिलीस काहून मला?” आणि तोंड फिरवून खाटेवर आडवे झाले.

चारला दार वाजलं. धुळीनं माखलेला एक माणूस, हातात हेल्मेट. “माफ करा, गाडी दोनदा पंक्चर झाली. मी घरकर्जाच्या...”

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागून सलमाभाभी आल्या! दिलेल्या शब्दाला जागून थेट एसटीतून उतरून, धापा टाकत! आल्या तशा रडायलाच लागल्या.

“साब, इनके पास कुछ नहीं है जी! बनियान देखो! छेद गिनो! बुढ्ढा देखो, दवा के बगैर पड़ा है!” खाटेवरच्या आबांना आपलं चार वाजताचं काम एकदम आठवलं आणि ते एवढ्या मोठ्यानं खोकले की कोपऱ्यातली पोरगी खरंच रडायला लागली. “सोफा भी मेरा था साब! फ्रिज भी मेरा!”

“भाभी, बस्स करा!” मी ओरडलो. “हे ते न्हाईत! हे घरवाले साहेब हायेत!”

भाभींनी रडणं मध्येच थांबवलं, डोळे पुसले आणि आवाज बदलून म्हणाल्या, “वैसे साब, आदमी भोत पैसेवाला है.”

साहेबांनी दप्तर उघडलं. माझं घर गेलं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

“सोफ्याचं राहू द्या,” ते म्हणाले. “कर्ज सोफ्याला देत नाहीत. पण अर्जात तुम्ही मंडपाची उधारी लिहिलीय, पंच्याऐंशी हजार.”

“मी? मी न्हाई लिहिली!”

“मी लिहिली,” सविता म्हणाली. “खरं होतं म्हणून.”

“तिथंच फाइल अडकलीय,” साहेब म्हणाले. “वरचे म्हणतात, दहा वर्षांत ज्याला मंडप फेडता आला नाही, तो भिंती काय फेडणार?”

सवितानं वहीचं पान पुढं केलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. तारीख पाहिली. वर पाहिलं.

“आजच फेडले?”

“तुमी येणार म्हणून,” सविता म्हणाली. खोटं बोलताना तिला मी पहिल्यांदाच पाहिलं. माझ्यापेक्षा फार छान बोलते!

साहेब हसले. “पगार बरा आहे, उधारी नाही. आता तुमच्या हिश्शाची रक्कम जमवा. फाइल मी बंद करत नाही.”

त्या दिवसापासून माझा पगार सविताच्या ताब्यात गेला. मला रोज वीस रुपये मिळत. दीड वर्षात तिनं जे जमवलं, ते मला दहा वर्षांत जमलं नव्हतं. गावाबाहेर तीन खोल्यांचं घर झालं. वास्तुशांतीला मंडप गंगाधरअप्पांचाच, पण लहान, रोख आणि घोड्याविना. जावईबापू मानाचे पाहुणे. ते घरभर फिरले. आबांना कुशीवर वळायला जागा, पोरीला स्वतःची खोली, भाभींचा सोफा सहज आत जाईल असं रुंद दार, आणि वर सिमेंटचा एक भला मोठा माळा.

“दत्ताभाऊ,” माळ्याकडं बघत ते कौतुकानं म्हणाले, “आता मिटली म्हणायची तुमची अडचण. पैसा ठेवायला जागा झाली!”

जागा झालीय. भरपूर झालीय. सध्या तिथं आबांची धोतरं ठेवतो.